खिळ्यावरचा भोंगा

नव्या डायवरला आधी लांबच्या लाइनवर धाडावं की गावातल्या गावात ठेवावं, हा वाद मी आयुष्यात इतक्या वेळा ऐकला आहे की आता कुणी तो काढला की मी उठून चहाला जातो. कंबर गेली, डोळे मंदावले, गाडी सुटली, हा वाद काही सुटत नाही. परवा एका पोरगेल्या डायवरने पुन्हा विचारलं, "नाना, तुमचं काय मत?" मी म्हटलं, मला मत नाही. मत होतं ते आबांना, आणि त्या मतापायी काय झालं ते मी जवळून पाहिलं आहे.

आबा आमच्या धुळ्याच्या अड्ड्यावरचे सगळ्यात जुने डायवर. शेटजींची कापसाची जिनिंग-प्रेसिंग गिरणी होती आणि आठ लॉऱ्या होत्या. गावातलं काम म्हणजे गिरणीतून रुईच्या गाठी उचलायच्या आणि स्टेशनच्या मालधक्क्यावर टाकायच्या. लांबचं काम म्हणजे आग्रा रोडने नरडाणा, शिरपूर, पळासनेर करत बिजासनचा घाट चढायचा आणि सेंधवा, इंदूर गाठायचं. नवा माणूस आला की शेटजी त्याला आबांच्या हवाली करत, आणि तो लांब कधी जाणार हे आबा ठरवत.

त्यांची ठरवण्याची रीत जगावेगळी होती. नव्या डायवरच्या ताब्यात गाडी देण्याआधी आबा पान्हा घेऊन येत आणि गाडीचा भोंगा काढून घेत. पितळी तोंडाचा, मागे रबरी फुगा असलेला तो भोंगा ते अड्ड्यावरच्या आपल्या खोलीत नेऊन खिळ्याला टांगत. भिंतीवर आठ गाड्यांचे आठ खिळे होते. भोंगा खिळ्यावर आहे तोवर माणूस गल्लीतला. भोंगा परत मिळाला की तो लांबचा. आमच्यात कुणी "त्याला भोंगा मिळाला" म्हटलं की पेढ्यांची आशा धरायची.

"भोंगा नाही तर माणसं बाजूला कशी होणार, आबा?" मी पहिल्या दिवशी विचारलं.

"त्या कशाले व्हतीन बाजूला? रस्ता त्यास्ना शे. तू पाव्हना शे."

धुळ्याच्या गल्ल्यांना नंबर आहेत, नावं नाहीत. मला आबांनी पाचव्या गल्लीत घातलं. सरळ आग्रा रोडने स्टेशनकडे जाता येत असताना गाठींनी लादलेली लॉरी पाचव्या गल्लीतून न्यायची हा शुद्ध आडमुठेपणा होता. आबा गाडीच्या पुढे दहा पावलांवर अनवाणी चालत. मागे वळून बघत नसत. त्यांची नजर असायची ती समोरून येणाऱ्या बैलगाड्यांवर, आणि तीही बैलांच्या कानांवर. लॉरीच्या आवाजाने बैलाचा कान हलला की आबांचा हात वर गेलाच.

"कान हालना. मांगे ले. पुन्हा ये."

मग गाडी गल्लीच्या तोंडापर्यंत मागे न्यायची आणि पुन्हा आणायची. लोक ओट्यांवर बसून बघत. एकदा मी अकरा वेळा मागे गेलो. बाराव्या खेपेला तो बैलच कंटाळून खाली बसला. आबा म्हणाले, बसला म्हणजे भ्याला नाही, चल. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं. माझे हात लोंबायला लागले होते.

त्याच गल्लीत एक म्हातारी खाटेवर बिबड्या, म्हणजे ज्वारीचे पापड, वाळत घालायची. खाट बरोबर अर्ध्या रस्त्यात. मी एकदा खाली उतरून म्हटलं, "आक्का, जरा खाट घ्या की." आबा इतके संतापले की त्या दिवशी त्यांनी मला गाडीला हात लावू दिला नाही.

"खाट सरकावाले सांगानं नही. खाट तठेच ऱ्ही. गाडी तू सरकाव."

तीन महिने मी त्या खाटेच्या पायांना न शिवता लॉरी काढली. एका बाजूला खाट, दुसऱ्या बाजूला गटार. एका सकाळी म्हातारीनेच उठून खाट भिंतीला लावली आणि मला म्हणाली, "जा बाबा, रोज रोज तुना घाम देखवत नही." मी आनंदाने आबांकडे पाहिलं. आबांनी म्हातारीला खाट परत रस्त्यात ओढायला लावली. तिने त्यांना ज्या शिव्या दिल्या त्या इथे लिहिण्यासारख्या नाहीत.

भोंग्याशिवाय गाडी चालवतो म्हणून एकदा पोलिसाने मला अडवलं. आबा पुढे चालत होते ते वळून आले.

"भोंगा कुठाय?" पोलीस म्हणाला.

"मी शे ना भोंगा," आबा म्हणाले. "आजूक काय पाहिजे तुले?"

पोलिसाने त्यांच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. गुडघ्यापर्यंत धोतर, डोक्याला कधीकाळी पांढरं असलेलं मुंडासं, पायात काही नाही. तो हसला आणि जा म्हणाला.

या भोंग्याच्या वैराचं मूळ आबांनी एकदाच सांगितलं, तेही गाडीची चाकं धुताना, माझ्याकडे पाठ करून. ते मूळचे बैलगाडीवाले. खेड्यांतून कापूस भरून गिरणीवर आणायचे. धुळ्यात मोटारी नव्या होत्या त्या काळी एका मोटारवाल्याने त्यांच्या जोडीच्या मागे येऊन भोंगा वाजवला. बैल उधळले, गाडी उलटली. "मना ढवळ्याना पाय मोडना. वाजाडनारा पुढे निंघी गया. त्यानी मांगे देखं बी नही." पुढे गाड्यांचे दिवस आले, बैलगाडीवर पोट भरेना, तेव्हा आबा स्वतःच मोटार शिकले. ज्या भुताने बैल खाल्ला त्याच भुताच्या मानेवर बसलो, म्हणायचे. त्यांच्या स्वतःच्या लॉरीला भोंगा होता, पण तो वाजलेला कुणीही ऐकला नव्हता. इंजिनसुद्धा ते असं चालवायचे की गाडी शेजारून गेली तरी दुपारची झोप मोडू नये. गाडी कुरकुरली, गियर करकरला, इंजिन ओरडलं की ते डोळे मिटून घेत. अंगावर कुणी काही मारल्यासारखे. ते मिटलेले डोळे आम्हाला शिवीपेक्षा लागायचे.

आणखी एक. आबा दुसऱ्याच्या गाडीत कधी बसत नसत. गावी जायचं तर चालत किंवा आगगाडीने. कारण विचारलं तर म्हणायचे, दुसऱ्याच्या हातात चाक असलं की माझे पाय फळीवर ब्रेक दाबत राहतात, संध्याकाळी पोटऱ्या दुखतात.

शेटजींचं मत अगदी उलट होतं. त्यांचं म्हणणं, लांबचा रस्ता सरळ, त्यात शिकायला काय आहे. "अरे आबा, गावात शंभर वळणं, शंभर म्हाताऱ्या. नवीन माणसाला लाइनवर टाका. सीधा रस्ता हाय, चाक धरलं की गाडी जाते. हात बसला की मग गल्लीत आणा." हे तसं चुकीचं नव्हतं. पुष्कळ ठिकाणी तसंच करत. आबा मान खाली घालून ऐकून घेत आणि शेवटी तेच विचारत.

"गल्लीमा चुकना ते मडकं फुटी. घाटमा चुकना ते काय फुटी, सांगा."

मडकी कितीही फुटली तरी शेटजींना परवडत होती. मला दीड वर्षाने भोंगा मिळाला. तोपर्यंत दर दोन-तीन महिन्यांनी मी विचारायचो आणि आबा ठरलेलं उत्तर द्यायचे, "आजून सहा महिना." कुणीही केव्हाही विचारा, सहाच महिने. काल विचारलं असलं तरी सहा आणि आज विचारलं तरी सहा.

पुढे माझा धाकटा भाऊ अड्ड्यावर आला. तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. हात माझ्यापेक्षा चांगला, हे मी मोकळेपणाने सांगतो. पाचव्या गल्लीत त्याच्यासमोर बैल कान हलवायला विसरायचे. आबांचा त्याच्यावर जीव होता. पण म्हणून त्यांनी त्याला सवलत दिली नाही. उलट माझ्यापेक्षा जास्त रगडला.

महायुद्ध सुरू होतं. आमचे दोन डायवर पलटणीत भरती होऊन गेले. पेट्रोल कुपनावर मिळायचं. तशात शेटजींनी सेंधव्याहून सागाचे ओंडके आणायचं काम घेतलं होतं, आणि गाड्या होत्या पण घाट चढणारी माणसं नव्हती. शेटजी रोज आबांच्या खोलीच्या दारात येऊन उभे राहत आणि खिळ्याकडे बोट दाखवत. धाकट्याच्या गाडीचा भोंगा तिथे टांगलेला होता.

"आजून सहा महिना," आबा म्हणत.

त्याच सुमाराला धाकट्याचं लग्न जमत होतं. मुलगी चोपड्याकडची, घर चांगलं. मुलीच्या बापाने सगळं पाहिलं, जमीन पाहिली, आमच्या मायला नमस्कार केला आणि जाता जाता विचारलं, जावई इंदूरला जातो की गावातच असतो? त्या दिवसापासून धाकटा माझ्या मागे लागला.

"नाना, गल्लीना डायवर म्हनतस मले. तुम्ही बोला ना आबास्ले."

मी बोललो. आबांनी ऐकून घेतलं आणि मग आपला दुसरा नियम सांगितला. तो आम्हा सगळ्यांना ठाऊक होता, पण कुणी वापरला नव्हता. ज्याला भोंगा मिळालेला आहे त्याला दुसऱ्याची खात्री असेल तर त्याने आपल्या गाडीचा भोंगा काढून त्याला द्यावा. तो माणूस सुखरूप परत येईपर्यंत देणाऱ्याने बिनभोंग्याचं गल्लीत राहावं. "मनाकडथून नही," आबा म्हणाले. "तुले देवाना व्हई ते तुना दे."

मी रागात होतो. वाटलं, म्हातारा उगाच ताठरपणा करतो आहे. मी अंगणात गेलो, पान्हा घेतला आणि माझा भोंगा काढून धाकट्याच्या गाडीला बसवला. त्याने माझे पाय धरले. आबा दारात उभे राहून बघत होते. त्यांनी डोळे मिटले नाहीत, एवढं मला आठवतं.

तीन दिवस मी बिनभोंग्याची गाडी पाचव्या गल्लीतून नेली. म्हातारी म्हणाली, "काय रे, नापास व्हयना का?" चौथ्या दिवशी शिरपूरहून निरोप आला.

घाट उतरताना झालं होतं. ओंडक्यांनी भरलेली गाडी, आणि धाकटा ती आबांनी शिकवली तशीच उतरवत होता. हळू, गपचूप, वरच्या गियरमध्ये, पाय सतत ब्रेकवर. गल्लीत असंच उतरतात. दोन वळणांत ब्रेक तापले, तिसऱ्या वळणावर लागेनासे झाले. समोर चढाला दोन बैलगाड्या होत्या. धाकट्याने गाडी डोंगराच्या अंगाला घातली. बैलांना काही झालं नाही. क्लीनरने उडी मारली, त्याला खरचटलं. धाकट्याचा उजवा पाय गुडघ्याखाली चेंगरला होता. धुळ्याच्या दवाखान्यात तो कापावा लागला.

आता जे सांगायचं आहे ते सांगताना आजही माझी मान वर होत नाही. घाट कसा उतरायचा हे मला माहीत होतं. ज्या गियरमध्ये चढलो त्याच गियरमध्ये उतरायचं. इंजिन ओरडतं, अख्खं रान ऐकतं, पण गाडी इंजिनच्या मुठीत राहते आणि ब्रेकवर भार येत नाही. माझ्या पहिल्या खेपेला एका इंदूरवाल्या गाडीच्या मागे मागे उतरताना मी हे शिकलो होतो. आमच्या अड्ड्यावरचे लांबचे सगळे डायवर असेच कुठे कुठे शिकले होते. पण त्यातल्या एकानेही ही गोष्ट आबांना सांगितली नव्हती. गाडी एवढी ओरडवली असं त्या माणसापुढे कोण सांगणार? ते डोळे मिटतील या धाकाने आम्ही सगळे वर्षानुवर्षं गप्प होतो. धाकट्याला तरी सांगायचं. पण तो आबांचा लाडका, त्याला सांगितलं तर आबांना कळेल. शिवाय जाताना घाई होती, कौतुक होतं, माय दही हातावर घालत होती. राहून गेलं. असं मी मायला सांगितलं.

दवाखान्यात आबा आठव्या दिवशी आले. खाटेच्या पायथ्याशी उभे राहिले. धाकट्याने बराच वेळ भिंतीकडे तोंड केलं होतं. मग वळून त्याने सरळ विचारलं.

"आबा, तुम्ही कधी उतरनात का हो तो घाट?"

हा प्रश्न आम्हाला कुणाला कधी सुचला नव्हता. आबांनी मुंडासं काढून हातात घेतलं.

"नही."

"एकदा बी नही?"

"एकदा बी नही. मी शिरपूरना पुढे गऊच नही."

धाकटा पुन्हा भिंतीकडे वळला. आबा मुंडासं तसंच हातात घेऊन निघून गेले. संध्याकाळी मी अड्ड्यावर गेलो तेव्हा ते आपल्या गाडीपाशी वाकून पान्हा चालवत होते. त्यांनी स्वतःच्या लॉरीचा भोंगा काढला, खोलीत नेला आणि स्वतःच्या खिळ्याला टांगला. माझा चेपलेला भोंगा पळासनेरहून परत आला होता. तो त्यांनी हातोडीने ठोकून जमेल तेवढा सरळ केला आणि माझ्या गाडीला लावून दिला. तोंड वाकडंच राहिलं.

मग म्हणाले, "मले घाट दखाड."

दुसऱ्याच्या गाडीत न बसणारे आबा माझ्या शेजारी बसले. शिरपूरपर्यंत त्यांचे दोन्ही पाय फळीवर दाबत होते, समोर गाय आली की उजवा, पूल आला की दोन्ही. मला हसू यायला हवं होतं. आम्ही दोघेही थकलेले होतो. तापी ओलांडली, शिरपूर गेलं, पळासनेर गेलं, घाट चढून वर आलो. वर एका वळणावर पलीकडच्या पाड्यातली एक म्हातारी गाड्यांना पाणी द्यायची. रेडिएटरमध्ये पाणी ओतता ओतता तिची आबांशी गोष्ट सुरू झाली. तिचं बोलणं निम्मं कळायचं, निम्मं हातवाऱ्याने. आबांनी तिला विचारलं, इथून गाड्या उतरतात त्या तुला दिसतात का? ती म्हणाली, दिसत नाहीत, झाडं आड येतात, ऐकू येतात. ओरडत उतरते ती गाडी खाली पोचते. गुपचूप उतरते तिचं काही सांगता येत नाही. त्या पोराची गाडी गुपचूप गेली होती.

आबा तिच्याकडे बघत राहिले. मग मला विचारलं, "तू कसा उतरस?"

"वरडत," मी म्हटलं.

"आनि बाकीना?"

"बठ्ठा वरडतच उतरतस, आबा."

"मले कोनी सांगं नही."

"तुम्हना धाक व्हता."

ते गाडीत चढून बसले. मी पहिल्यांदाच आबांसमोर गाडी खालच्या गियरमध्ये घातली आणि सोडली. इंजिनने जो टाहो फोडला तो मला नेहमीपेक्षा दुप्पट वाटला. मी डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं. आबांनी डोळे मिटले नव्हते. त्यांचे पाय फळीवर दाबत होते. दुसऱ्या वळणानंतर त्यांनी दोन्ही पाय उचलले, बैठकीवर मांडी घातली आणि हातांनी घोटे धरून ठेवले, शेवटपर्यंत. खाली आल्यावर म्हणाले, "चूक त्यानी नही शे. मनी शे. ब्रेक मी शिकाडा. उतार मीच नही शिकनू."

"मनी बी शे," मी म्हटलं.

"तुनी बी शे," आबा म्हणाले. त्यांनी मला सोडलं नाही याचं मला तेव्हा वाईट वाटलं. आता बरं वाटतं.

त्यानंतर आबांनी शेटजींना सांगितलं, मला नानाबरोबर लाइनवर धाडा, क्लीनर म्हणून. शेटजी हादरले. साठीचा माणूस, अड्ड्याचा म्होरक्या, आणि क्लीनर? पण आबा ऐकणारे नव्हते. चाकाला दगड लावायचा, पाणी भरायचं, हँडल मारायचं, सगळं करत. डायवर लोक लाजून खाली उतरत आणि त्यांच्या हातातला डबा घेत, आबा तो परत घेत. घाटात कुठल्या वळणावर काय केलं ते त्यांनी मला विचारावं आणि मी सांगावं, असं चालायचं. चुकीचं सांगितलं तर त्यांना लगेच कळायचं. शिकवणारे म्हणून ते कठोर होते, पण शिकणारे म्हणून त्याहून. महिन्याभराने त्यांनी रिकामी गाडी उतरवली, मग अर्धी भरलेली. प्रत्येक खेपेला वरच्या म्हातारीजवळ थांबून विचारायचे, मागच्या वेळी आवाज बरोबर होता का? ती कधी हो म्हणायची, कधी हात हलवायची. हात हलवला की ते त्या दिवशी जेवायचे नाहीत.

धाकट्याचं लग्न मोडलं. तो कुबडी घेऊन जळगावला मावशीकडे गेला आणि केळीच्या वखारीत कामाला लागला, बसून घड रचून घ्यायचे. आबांनी दोनदा जळगावला जाऊन त्याला भेटायचा प्रयत्न केला. पहिल्या वेळी तो मागच्या दाराने निघून गेला. दुसऱ्या वेळी समोर बसला, चहा पाजला, बोलला मात्र नाही. आबा परत आले आणि मला म्हणाले की पोराच्या कुबडीला खाली रबर नाही, घसरेल, ते लाव. मी पुढच्या खेपेला जुन्या ट्यूबचा तुकडा नेऊन लावला.

आणि मग एका दुपारी, थंडी नुकती सरत असताना, आबांनी ओंडक्यांनी पूर्ण भरलेली गाडी घाटातून उतरवली. मी शेजारी होतो. गाडी वरपासून खालपर्यंत ओरडत आली, एकसारखी, कुठे चढती नाही की उतरती नाही. ब्रेकला हात लावून पाहिला तर कोमट. पळासनेरला चहाच्या टपरीपुढे आम्ही थांबलो. मी पान्हा काढला, माझ्या गाडीचा वाकड्या तोंडाचा भोंगा उतरवला आणि आबांसमोर बाकावर ठेवला.

आबांनी बशीतला चहा संपवला. भोंग्यावरून बोट फिरवलं. आणि तो माझ्याकडे सरकवला.

"आजून सहा महिना."

मी हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी ते मनापासून म्हटलं होतं.

सहा महिने त्यांना मिळाले नाहीत. चौथ्या महिन्यात, ऐन उन्हाळ्यात, ताप आला, तीन दिवस खोलीतच पडून राहिले, चौथ्या दिवशी गेले. दहन झालं, शेटजी स्वतः आले होते. धाकट्याला मी निरोप पाठवला होता, त्यात पळासनेरच्या त्या सहा महिन्यांचंही सांगितलं होतं. तो आला नाही. मला त्याचा राग आला नाही, आणि आला असता तरी मला तो अधिकार नव्हता.

श्रावणात शेटजींनी ती खोली नव्या मेकॅनिकला द्यायचं ठरवलं. सामान काढायला मी गेलो. सामान म्हणजे काय, घोंगडी, तवा, दोन धोतरं. धाकट्याच्या गाडीचा भोंगा ती दुरुस्त झाली तेव्हाच तिच्यावर परत गेला होता; आठ खिळ्यांपैकी एकावरच भोंगा होता, आबांचा स्वतःचा, त्यावर धूळ बसलेली. मी तो काढायला हात पुढे केला तेवढ्यात दारात कुबडी वाजली. नुसती रबराची, मऊ. धाकटा सकाळच्या आगगाडीने जळगावहून आला होता.

"तुम्ही ऱ्हाऊ द्या, नाना," तो म्हणाला.

भिंतीला टेकून त्याने हात वर केला आणि भोंगा स्वतः उतरवला. सदऱ्याच्या टोकाने पुसला. मग लंगडत अंगणात माझ्या गाडीपाशी गेला, माझ्याकडून पान्हा मागून घेतला, वाकड्या तोंडाचा भोंगा सोडवून आपल्या पिशवीत टाकला आणि तिथे आबांचा बसवला. नट आवळायला त्याला वेळ लागला. मी मदत केली नाही. आवळून झाल्यावर त्याने हलवून पाहिला.

"सहा महिना व्हयी गयात," तो म्हणाला. "आते जाऊ दे आबाले लांब."

तो माझ्या शेजारी चढून बसला. मी हँडल मारलं, आणि आम्ही आग्रा रोडला न लागता पाचव्या गल्लीतून निघालो. अर्ध्या रस्त्यात म्हातारीची खाट होती, बिबड्या पसरलेल्या. मी भोंगा वाजवला नाही.